पिंपभर मुळे

मी एवढंच म्हणालो होतो की, माणसानं ऋतूप्रमाणे खावं.

वाक्यात चूक काही नव्हती. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण काही वाक्यं बरोबर असली तरी ती कुठे, कधी आणि कोणासमोर बोलायची याला महत्त्व असतं, हे मला जरा उशिरा कळतं. त्या दिवशी मेहुणी आणि साडू जेवायला आले होते. साडू महागाईवर बोलत होते. ते महागाईवर बोलायला लागले की भाजी गार होते, म्हणून विषय संपवावा या चांगल्या हेतूनं मी म्हणालो, "त्यात काय एवढं? ज्या ऋतूत जे पिकतं ते आणायचं, साधं शिजवायचं, काही वाया घालवायचं नाही. फक्त नियोजन हवं. स्वयंपाक म्हणजे शेवटी काय? नियोजनच की!"

साडूंनी मान डोलावली. मेहुणीनं डोलावली नाही. बायको तेव्हा उभी होती. आम्ही सगळे बसलो होतो आणि ती उभी होती, हेही माझ्या नंतरच लक्षात आलं. ती इस्पितळात एक्स-रे काढते. त्या दिवशी कामावरून आली ती थेट गॅसपुढेच गेली होती. माझं वाक्य संपल्यावर तिनं हातातला डाव भांड्यात ठेवला, आणि तो अजिबात आवाज न करता ठेवला. भांडी आदळली असती तर मी निर्धास्त राहिलो असतो. आदळलेल्या भांड्याला निदान उत्तर तरी देता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, "आजपासून स्वयंपाकघर तुमचं."

"म्हणजे?"

"नियोजन करा," असं म्हणून ती गेली.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर-तक्रार विभागात आहे. आमच्याकडे रोज माणसं चिडून येतात आणि थकून जातात. त्यामुळे स्वयंपाकघराला मी घाबरलो नाही. मी पद्धतशीर सुरुवात केली. ऑफिसातल्या एकाकडून शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याचा नंबर मिळाला. तो दर आठवड्याला घरपोच टोपली द्यायचा. फवारणी नाही, मधला दलाल नाही, शेतात जे पिकेल ते आपल्या दारात. मी फोन केला.

"टोपली हंगामभर घ्यावी लागते साहेब," तो म्हणाला. "मधेच सोडता येत नाही."

"मधेच सोडणारा माणूस नाही मी," मी म्हणालो. ऑफिसातले दोघेतिघे ऐकत होते, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणालो.

शनिवारी टोपली आली. टोपली म्हणजे दोन माणसांनी उचलायचा क्रेट होता. त्यात मुळे होते. पांढरे, मनगटाएवढे जाड, मातीसकट, पाल्यासकट. लेकीनं वाकून पाहिलं. ती कॉलेजात जाते आणि घरातल्या कोणत्याही गोष्टीकडे एकदाच पाहते.

"बाबा, हे सगळं एकच आहे."

"खाली बघ. खाली वेगळं काहीतरी असेल."

खाली एक लिंबू होतं. ते बहुधा चुकून पडलं असावं.

मी डगमगलो नाही. मुळ्याचं सूप केलं. पाला लसूण घालून परतला. मुळे भाजले, किसले, पावात भरले. काही वाया घालवायचं नाही हे मी जाहीर केलेलं असल्यामुळे सालं उकळून त्या पाण्यात भात शिजवला. भाताला मुळ्याचा वास आला. पुढच्या दोन दिवसांत चहालाही आला; तो कसा आला हे मला आजतागायत कळलेलं नाही.

लेक म्हणाली, "मैत्रिणींनी माझ्या डब्याला नाव ठेवलंय."

"काय ठेवलंय?"

"ते घरी सांगण्यासारखं नाही."

बायको मात्र सगळं खायची. पानात पडेल ते, एक शब्द न बोलता. चांगलं झालंय असं म्हणायची नाही, वाईट झालंय असंही म्हणायची नाही. जेवायची, ताट उचलायची आणि पाय वर घेऊन पेपर वाचत बसायची. माणसाला इतक्या शांतपणे कोणी जिंकू देऊ नये.

पुढच्या शनिवारी पुन्हा मुळे आले. घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी शेतकऱ्याला फोन केला.

"अहो, या वेळीही मुळेच?"

"ऋतू मुळ्यांचाच आहे साहेब."

"पण मागच्या आठवड्यातही मुळ्यांचाच होता."

"ऋतू आठवड्याला बदलत नाही साहेब," तो अतिशय सौम्यपणे म्हणाला. माझ्याच विचारसरणीचा माणूस. त्याच्याशी वाद कोणत्या तोंडानं घालणार?

मग मी वाटायला सुरुवात केली. पहिल्यांदा शेजाऱ्यांनी "अय्या, कशाला एवढे!" म्हणत हसत घेतले. दुसऱ्यांदा नुसतंच "कशाला?" म्हणाले. तिसऱ्यांदा एका घरात टीव्हीचा आवाज येत होता. मी बेल वाजवल्यावर तो बंद झाला. मी बराच वेळ दारात उभा राहिलो. आत कोणीतरी शिंक दाबली. ऑफिसात साहेबांच्या टेबलावर मी एक जुडी ठेवली, तर त्यांनी ती पेपरवेटसारखी दोन दिवस फायलींवर राहू दिली आणि मग शिपायाला म्हणाले, "ही कोणाची वस्तू आहे, ज्याची त्याला परत करा." शिपायानं ती सर्वांदेखत मला परत केली.

अशा वेळी माणसाच्या मनाची अवस्था नाजूक असते आणि सल्ला देणाऱ्याला ती बरोबर कळते. आमच्या समोरच्या दारात पंपवाले राहतात. त्यांनी जन्मभर पाण्याचे पंप विकले. निवृत्त झाल्यापासून सल्ले देतात. पंप एकदा चालू झाला की विहिरीत पाणी असो वा नसो, तो ओढत राहतो. त्यांचंही तसंच आहे. ते दार ढकलून आत आले, पंखा चालू केला आणि बसले.

"मुरवा," ते म्हणाले.

"काय?"

"मुळे. काप करायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचे, वर दगड ठेवायचा. आंबट होतात आणि वर्षभर टिकतात. दर आठवड्याची टोपली गडप. जगात सगळीकडे लोक असंच करत आलेत."

"तुम्ही केलंय कधी?"

"मी? छे. मला मुळा चालत नाही. पित्त होतं."

इथेच मी थांबायला हवं होतं. पण 'वर्षभर टिकतात' या शब्दांनी माझा घात केला. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: साडू पुन्हा जेवायला आलेत, महागाईवर बोलताहेत, आणि मी काही न बोलता त्यांच्या पानात गेल्या ऋतूतल्या मुळ्याची फोड वाढतो आहे.

मी निळं प्लास्टिकचं पिंप आणलं. रविवारभर मुळे चिरले. बोटाला फोड आला, तो फुटला, आणि त्यात मीठ गेलं. त्याविषयी मी कोणाला काही बोललो नाही. कोणी विचारलंही नाही. पिंप ओट्याशेजारी, गॅसची पाइप भिंतीतून आत येते तिथे ठेवलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पंपवाले देखरेखीला होते.

"झाकण घट्ट लावू नका," ते म्हणाले. "आत हवा धरते. उडेल."

म्हणून झाकण सैल ठेवलं. दुसऱ्या शनिवारचे मुळे त्यात गेले, मग तिसऱ्या शनिवारचे. पाणी गढूळ झालं, वर बुडबुडे आले. पंपवाले म्हणाले, "काम चालू आहे." पहिले काही दिवस घरात वास आला. लेक नाकाला रुमाल लावून फिरायची. मग सवय झाली. नाकासारखं तडजोड करणारं दुसरं इंद्रिय नाही. कान शेवटपर्यंत भांडतात, पण नाक दोन दिवसांत हार मानतं. मला तर वास येईनासाच झाला. मी समजलो, मुरत आलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी ऑफिसातून आलो तर सगळी इमारत खाली आवारात. लहान मुलं, म्हातारी माणसं, कोणाच्या हातात दूध, कोणाच्या हातात कुत्रं. फाटकापाशी गॅस कंपनीची गाडी उभी होती. तळमजल्यावरच्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, खुर्ची टाकून मधोमध बसल्या होत्या.

"गॅस गळतोय," त्या म्हणाल्या. "जिन्यात दुपारपासून सडक्या अंड्यांचा वास येतोय. मीच फोन केला. नशीब समजा, कोणी काडी ओढली नाही."

कंपनीचे निरीक्षक हातात एक यंत्र घेऊन जिन्यातून उतरले. घामाघूम झाले होते. "यंत्र काहीच दाखवत नाही," ते म्हणाले.

"मग चालू करा की गॅस!" कोणीतरी ओरडलं.

"यंत्र दाखवत नाही, पण वास येतोय. वासाची तक्रार आहे तोवर गॅस बंद राहील. प्रत्येक मजल्यावरची चावी बंद केली आहे."

हे ऐकून मी पुढे झालो. एक तर मी स्वतः तक्रारींतला माणूस. दुसरं म्हणजे, गेले काही आठवडे लोक माझ्याकडे पाहून दारं लावत होते. त्यांच्यासाठी काहीतरी करून दाखवण्याची ही संधी होती. मी म्हणालो, "हे पाहा, ही जबाबदारी झटकायची भाषा आमच्यासमोर चालणार नाही. इथे लहान मुलं आहेत, आजारी माणसं आहेत. संध्याकाळच्या जेवणाचं काय? तुमच्या पायपा सडल्यात हे सरळ कबूल करा. किती दिवस लागणार, तेवढं सांगा."

निरीक्षक म्हणाले, "पाहणी पूर्ण झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

हे वाक्य मी ओळखलं. रोज दहा वेळा मीच ते म्हणतो. समोरून ऐकताना ते इतकं लागत असेल याची मला कल्पना नव्हती. त्यामुळे मी आणखीच पेटलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंपवाल्यांनी तर दोनदा वाजवल्या. "कंपनीचा माज उतरवलाच पाहिजे," असं काहीसं मी म्हणत होतो, तेवढ्यात बायको फाटकातून आत आली. दिवसभर उभी असल्यानं ती अशा वेळी जरा ओढत चालते. ती थांबली. तिनं एकदाच श्वास आत घेतला.

"अहो."

"थांब, मी बोलतोय."

"अहो, तो तुमचा मुळा आहे."

आवारात कुत्र्यानं खाजवलेलं ऐकू आलं.

मी निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. पंपवाले आपल्या चपलेचा अंगठा नीट करू लागले. "म्हणजे..." मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही." एवढं बोलून मी पिंपाची हकिकत सांगितली. सांगताना कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता तरी प्रकरण मिटेल असं कोणालाही वाटलं असतं. पण निरीक्षक म्हणाले, "तुम्ही मुळा म्हणता. तक्रार गॅसची आहे. तक्रारदारांनी स्वतः हाच तो वास असं सांगितलं, तर मला ती बंद करता येईल."

सगळे बाईंकडे वळले. बाईंनी पदर सावरला. "म्हणजे मला गॅस आणि मुळा यांतला फरक कळत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही बाई," मी म्हणालो. "पण तुम्ही एकदा वर येऊन वास घेतलात तर—"

"गुडघे माझे आहेत. तीन मजले मी चढणार नाही. तुमचं पिंप तुम्ही खाली आणा."

तेव्हा मी, पंपवाले आणि लेक वर गेलो. झाकण उघडलं तशी लेक "बाबा!" म्हणून बाल्कनीत पळाली. आम्ही झाकण दाबून बसवलं आणि पिंप उचललं. म्हणजे, मी उचललं. पंपवाले दिशा सांगत होते. "डावीकडे... तुमची डावी नाही, माझी डावी." असं करत तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर आलो, आणि तिथे पिंप कठड्यात आणि भिंतीत अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी ढकललं. पंपवाल्यांनी ओढलं. मग मी ओढलं आणि त्यांनी ढकललं. आता ते आणखी घट्ट बसलं.

"पंप बसवताना असं झालं की आम्ही भिंत फोडायचो," पंपवाले म्हणाले.

खालून निरीक्षकांचा आवाज आला, "तिसऱ्या मजल्याची पाहणी राहिली आहे. मला वर जाऊ द्या."

"पिंप निघाल्याशिवाय काही सांगता येणार नाही," मी म्हणालो. एवढं तरी माझ्या वाट्याला आलं.

पिंप हलकं करायचं तर आतलं काढायला हवं होतं. लेक वरच्या मजल्यांवर बादल्या गोळा करायला गेली. निरीक्षक आणि पंपवाले खालच्या मजल्यांवर गेले. मी पिंपाच्या वरच्या बाजूला पायरीवर बसलो. खालच्या बाजूनं पावलं वाजली आणि बायको येऊन पलीकडच्या पायरीवर बसली. पिंपावरून मला तिचे फक्त केस आणि कपाळ दिसत होतं.

"घरी जाता येत नाही का?" तिनं विचारलं.

"सध्या नाही."

"बरं." तिनं चपला काढल्याचा आवाज आला.

मी म्हणालो, "बोल की काहीतरी. इतके दिवस एक शब्द नाही तुझा. वाईट झालंय असं म्हणाली असतीस, तर मी केव्हाच थांबलो असतो."

"वाईटच होत होतं सगळं."

"मग खात का होतीस?"

"मला काही ठरवावं लागत नव्हतं म्हणून. शिजवायचं काय, हात चालतात. पण इस्पितळातून निघाल्यापासून डोक्यात सुरू होतं. घरात काय आहे, काय संपलंय, लेकीला काय चालत नाही, तुमच्यासाठी काय परवाच झालंय. बसमध्ये तेच, जिना चढताना तेच. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, नियोजनच की."

पिंपात काहीतरी डुबुक झालं.

"गेले काही आठवडे बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत येत होते," ती म्हणाली. "मुळाच असणार, माहीत होतं. आता काय, हे ठरवणं पुन्हा माझ्याकडेच येणार."

"नाही," मी म्हणालो. "येणार नाही."

"आधी हे पिंप तरी हलवा," ती म्हणाली. पण आवाज जरा हसल्यासारखा वाटला. कपाळावरून नक्की सांगता येईना.

मग बादल्या आल्या. वरच्या बाजूनं मी मगानं काढत होतो, खालच्या बाजूनं निरीक्षकांनी बाह्या सरसावल्या. दारं लावून बसणारे शेजारी एकेक करून जिन्यावर आले आणि नाक धरून बादल्या खाली पोचवू लागले. बाईंना राहवलं नाही. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले.

"हाच," त्या म्हणाल्या. "माझी तक्रार बंद करा." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पण मुळे इतके कुजेपर्यंत ठेवायचे म्हणजे कमाल झाली."

"कुजलेले नाहीत, बाई," मी म्हणालो. उरलीसुरली अब्रू त्या एका शब्दावर टांगली होती. "मुरलेले आहेत."

बाईंनी बादलीतली एक फोड उचलली. सगळा जिना श्वास रोखून पाहत होता. त्यांनी टोक चावलं, जिभेवर फिरवलं, आणि फोड परत बादलीत टाकली.

"कुजलेत," त्या म्हणाल्या.

पिंप निघालं. मुळे आवाराच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरले. माती तरी सुधारेल, असं पंपवाले म्हणाले. निरीक्षकांनी मजल्यामजल्यावरच्या चाव्या उघडल्या, तेव्हा दिवेलागण झाली होती. घराघरांतून एकदम लायटरचे आवाज आले आणि जिन्यात हळूहळू परतलेल्या कांद्याचा वास पसरला. त्या वासाला इतकं मन लावून कोणी कधी हुंगलं नसेल.

लेक कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणि पाव घेऊन आली. मी अंडी उकडली, कांदा चिरला, पाव गरम केला. ताटं मांडली. बायको समोरच्या खुर्चीवर पाय ठेवून जेवली. लेक म्हणाली, "बाबा, अंड्यांना ऋतू असतो का?"

"जेव," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर बायको उठली. "उद्या मला सुट्टी आहे. मी आत्ताच जाऊन पडणार आहे. मला हाक मारून काही विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"कात्री कुठे आहे, हेसुद्धा नाही."

"नाही."

"अगदी काहीही नाही."

"नाही म्हटलं ना."

ती आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मी ताटं गोळा केली, नळ सोडला आणि पाहिलं तर भांड्यांचा साबण संपला होता. नवा साबण घरात कुठेतरी होता. असणारच, ती कधी काही संपू देत नाही. मी ओट्याखाली पाहिलं. फडताळात पाहिलं. स्टुलावर चढून माळ्यावर पाहिलं. डबे एकेक करून, आवाज न करता, उचलले आणि आवाज न करता ठेवले. आतल्या दाराशी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. लेक मान वर न करता म्हणाली, "विचारा ना." मी तिला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

शेवटी सापडला. कुठे, ते मी सांगणार नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरात शोधावा.